मामंजींसमोरचा पाठ

तर फेटा. काल बोलता बोलता गाडी दुसऱ्याच रस्त्याला लागली आणि फेट्याचं सांगायचं राहूनच गेलं. अहो, सगळा घोळ त्या फेट्यानं केला! रंभाजी रोजच्यासारखा डोक्याला मळकं मुंडासं गुंडाळून नगरला गेला असता, तर शाळेच्या शिपायानं फाटकातच 'ओ बाबा, कुणीकडं?' म्हणून हटकलं असतं. मग तो बाहेर लिंबाखाली भाकरीचं गाठोडं घेऊन बसला असता आणि आत त्याच्या सुनेचा पाठ जसा व्हायचा तसा झाला असता. पण रंभाजीनं त्या दिवशी पेटीतला गुलाबी फेटा काढला. थोरल्या मुलीच्या लग्नात बांधलेला. त्यावर पांढरं स्वच्छ धोतर आणि शेजारच्या आबासाहेबाचा मागून आणलेला काळा कोट. मुळात माणूस उंचापुरा, मिशा भरघोस, चाल सावकाश. तो नुसता गप्प उभा राहिला तरी समोरच्याला वाटायचं, आपलंच काहीतरी चुकलं. असा माणूस गुलाबी फेटा बांधून सकाळच्या प्रहरी नगरच्या शाळेच्या दारात उभा राहिला, तर मुख्याध्यापकांनी तरी काय समजावं?

पण ते पुढं. आधी चांगुणा कोण ते नीट सांगायला पाहिजे, नाहीतर काल जो आला नव्हता तो विचारत बसेल, कुणाची सून आणि कसला पाठ.

चांगुणा ही रंभाजीची सून. गाव खडकमाळ, पारनेरच्या पठारावरचं. तिचा नवरा कानिफनाथ श्रीरामपूरकडं साखर कारखान्यात कामाला. हंगाम सुरू झाला की तिकडंच, अधूनमधून गावी यायचा. चांगुणा लग्न होऊन आली तेव्हा मॅट्रिक झालेली होती. खडकमाळमध्ये मॅट्रिक झालेली बाई म्हणजे ती एकटीच. घरातल्यांना हे ठाऊक होतं, पण त्याचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. घरात एखादी परदेशी वस्तू भेट म्हणून यावी आणि ती कुठं ठेवायची कळू नये, तसं ते मॅट्रिक कोनाड्यात पडून होतं. चांगुणा शेण काढायची, पाणी आणायची, भाकरी थापायची.

रंभाजीच्या डोक्यात बी पडलं ते पारनेरच्या एस.टी.त. गाडीला ही गर्दी. मधल्या थांब्यावर एक शिक्षिका चढल्या. हातात छत्री, पायात चपला, नाकावर चष्मा. कंडक्टर स्वतः दोन माणसं सरकवून म्हणाला, "बाई, तुम्ही बसा." आणि गावचा सरपंच दांड्याला लोंबकळत पारनेरपर्यंत उभा. रंभाजी घरी आला, ओट्यावर टेकला आणि बायकोला म्हणाला, "अगं, यस्टीत सरपंच उभा आन् मास्तरीन बसलेली! आपल्या घरात मॅट्रिक पोरगी हाय आन् आपन तिच्याकडनं श्यान काढून घेतोय."

मुक्ताबाई सुपात जोंधळे पाखडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मग श्यान कोन काढनार? सरपंच?"

पण रंभाजी हटला नाही. चार दिवस त्यानं ते लावून धरलं. नगरला बायकांसाठी अध्यापक विद्यालय आहे, तिथंच राहायची सोय आहे, दोन वर्षांनी पास झाली की शिक्षिकेची नोकरी, ही सगळी माहिती त्यानं तालुक्याहून काढून आणली. शेवटी मुक्ताबाईनं सूप खाली ठेवलं. "बरं. दोन वरसं मी वढते घर. पास झाली तर गावाला पेढं मी सोता वाटीन. पर एकदा का नापास झाली, की पुन्ना त्या नगरचं नाव काढायचं न्हाई. मंजूर आसंल तर बोला."

"मंजूर," रंभाजी म्हणाला.

आत चुलीपाशी चांगुणाच्या हातात भाकरी तशीच राहिली. तिला कुणी विचारलं नव्हतं. शाळेत असताना तिनं मनातल्या मनात किती वेळा बाई होऊन हजेरी घेतली होती ते कुणाला माहीत? आणि आता ते खरं व्हायला निघालं, तर कानात बसले ते 'एकदा का नापास झाली' हे शब्द. ते पुढं दोन वर्षं तिथून हलले नाहीत.

आता इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. चांगुणा सासऱ्याशी बोलत नसे. भांडण बिंडण काही नाही, उलट त्या घरात सगळ्यात जास्त माया कुणाची कुणावर असेल तर ह्या दोघांची. पण रीत होती. मामंजी समोर आले की डोक्यावर पदर, तोंड दुसरीकडं, आणि सरळ बोलायचं तर मुळीच नाही. मग निरोप कसा द्यायचा? तर गायीला सांगायचा. चांगुणा गोठ्यापाशी उभी राहून म्हणायची, "कपिले, भाकरी वाढलीय गं." ओट्यावरून रंभाजी म्हणायचा, "कपिले, आलो म्हनावं." गाय बिचारी दोघांकडं बघत रवंथ करायची. पुढं दुष्काळात गुरं छावणीला गेली तेव्हा त्या दोघांची मोठी पंचाईत झाली. निरोप द्यायला कुणीच उरलं नाही. मग चांगुणानं दाराच्या चौकटीशी बोलायला सुरुवात केली. मुक्ताबाई म्हणायची, "गाईला निदान कान तरी हुतं."

अशी ही चांगुणा नगरला विद्यालयात दाखल झाली, आणि पहिल्याच आठवड्यात तिथल्या मार्गदर्शक बाईंनी सगळ्या मुलींना उभं करून सांगितलं, "तीन गोष्टी कपाळावर लिहून घ्या. आवाज शेवटच्या मुलापर्यंत पोचला पाहिजे. नजर सगळ्या वर्गावर फिरली पाहिजे. आणि फळ्याकडं तोंड करून कधीही बोलायचं नाही. फळ्याला परीक्षा द्यायची नसते, मुलांना द्यायची असते."

चांगुणाचा पहिला सरावपाठ झाला तेव्हा मागच्या रांगेतला एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, तुम्ही आम्हाला शिकवताय का फक्त पुढच्यांना?" सगळा वर्ग हसला. त्या दिवशी ती जेवली नाही. खोलीत तिच्याबरोबर राजूरकडची एक सुमन म्हणून मुलगी राहायची. तिचा आवाज असा, की तिनं खोलीत 'मीठ दे' म्हटलं तर खालच्या मजल्यावरच्या मुली मीठ घेऊन यायच्या.

सुमन म्हणाली, "चांगुणे, तू बोलतेस का नुसता श्वास घेतेस?"

"घरात मोठ्यानं बोलायची सवय नाही गं."

"आमच्याकडं ह्या डोंगरावरून त्या डोंगरावर हाक मारल्याबिगर गुरं घरी येत नाहीत. उद्यापासून मी त्या टोकाला उभी राहते, तू ह्या टोकाला. मला गुरू समज नाहीतर गुरं समज, पण हाक मार."

रोज संध्याकाळी वसतिगृहाच्या मागच्या पटांगणात हे चालायचं. हळूहळू आवाज निघाला. दुसऱ्या वर्षी तर सरावपाठांच्या वहीत 'आवाज स्पष्ट' असा शेरा यायला लागला. पण तिची काळजी काही कमी झाली नाही, उलट जागा बदलून बसली. आधी वाटायचं, आवाज निघणार नाही. आता वाटायला लागलं, निघालेला आवाज ऐन वेळी परत जाईल.

आणि तिला तसं वाटायला कारणही घडलं. बहात्तरच्या दिवाळीची सुट्टी. सगळीकडं दुष्काळी कामं सुरू झालेली. मुक्ताबाई खडी फोडायला जायची, चांगुणाही सुट्टीत तिच्याबरोबर गेली. तिथं शंभर हातोड्यांचा तो गदारोळ. चांगुणाला वाटलं, आवाजाच्या सरावाला याहून चांगली जागा कुठली? ती हातोडी मारता मारता मोठ्यानं पाठ म्हणायला लागली. बायकांना करमणूक झाली.

"मास्तरीनबाई, खडीला पाढं येत्यात का?"

"येतील, येतील. दगडाचंच डोकं हाय, आमच्या मालकापरीस लवकर शिकंल!"

चांगुणाही हसली आणि जोरात म्हणाली, "मुलांनो, सह्याद्रीच्या रांगेतून निघून—" आणि तिथंच तिचा आवाज तुटला. पाण्याची घागर खांद्यावर घेऊन रंभाजी येत होता. तिचा हात आपोआप पदराकडं गेला, तोंड फिरलं, आणि पुढचं वाक्य अर्धंच राहिलं. बायका खो-खो हसल्या. रंभाजी घागर ठेवून निघून गेला, तरी तिला पुढची नदी आठवेना. मुक्ताबाई शेजारी बसून खडी फोडत होती. ती कुणावर रागावून नाही, अगदी सहज म्हणाली, "नापास झालीस तर ही हातोडी हितंच हाय."

त्या दिवसापासून चांगुणाच्या डोळ्यांसमोर ती हातोडी. पाठाचं टाचण लिहायला बसली की हातोडी. सकाळी रांगेत टँकरच्या पाण्याला उभी राहिली की हातोडी. दुष्काळाच्या वर्षी नापास होणं म्हणजे नुसतं नापास होणं नव्हतं. घरातून एक माणूस दोन वर्षं कामाला कमी, तिचा खर्च वेगळा, आणि त्याचं फळ काही नाही, असं गावानं आयुष्यभर म्हटलं असतं. आणि तिला नाही, मामंजींना म्हटलं असतं. हे तिला जास्त लागायचं.

संक्रांतीला घरी आली होती तेव्हा निघताना ती चौकटीला सांगून गेली होती, "मार्च म्हैन्यात, विद्यालयाच्या शाळंत, वार्षिक पाठ हाय. होळीच्या अलीकडच्या सोमवारी. बाहेरगावचे परीक्षक येनार हायेत म्हनावं." हा वार्षिक पाठ म्हणजे सगळ्यावर कळस. लेखी परीक्षेत कितीही गुण असोत, परक्या परीक्षकासमोर एक वर्ग घेऊन दाखवायचा. त्यात पडली की पडली.

चौकटीनं निरोप पोचवला. आणि रंभाजीनं मनाशी ठरवलं, की सुनेला धीर द्यायला आपण जायचं. कुणाला बोलला नाही. पाठाच्या दिवशी पहिली एस.टी. धरली. मुक्ताबाईनं फडक्यात भाकरी बांधून दिली. रेशनच्या लाल जोंधळ्याची, दुसरी होती कुठं? ती म्हणाली, "फेटा कशाला वो?" तो म्हणाला, "सुनेची परीक्षा हाय. तिच्या मान्सानं बरं दिसाया पायजे."

इकडं चांगुणाला विषय मिळाला होता, विद्यालयाला लागूनच असलेल्या सरावशाळेत तिसरीच्या वर्गाला भूगोल. आपल्या जिल्ह्यातले डोंगर, नद्या आणि पाऊस. सुमननं आणि तिनं मिळून जिल्ह्याचा मोठा नकाशा काढला. डोंगर गेरूनं रंगवले, नद्या कपड्याच्या निळीनं. नकाशा सुंदर झाला. पण सकाळी उठल्यापासून चांगुणा नकाशाची गुंडाळी सोडायची आणि पुन्हा बांधायची. सुमननं तिला आपल्या वाटणीचं पाणी दिलं, ते तिनं तसंच ठेवलं.

"मुलं ओळखीची, पाठ तोंडपाठ, नकाशा झकास. आता तुला कशाची भीती वाटते गं?"

"तेच कळत नाही ना," चांगुणा म्हणाली.

तेवढ्यात तिकडं शाळेच्या दारात रंभाजी पोचला होता. शिपायानं फेटा बघितला, कोट बघितला, आणि न हटकता आत पळाला. "सर, पाहुणे आलेत. फेटेवाले!" आता त्या काळी जिल्हा परिषदेचे सभासद बरेचसे असेच, खेड्यातले, फेटा-धोतरातले, आणि न कळवता शाळेत यायची त्यांना हौस. मुख्याध्यापकांनी कोटाची बटणं लावली, टोपी सरळ केली आणि हात जोडत बाहेर आले. "यावं, यावं मेंबरसाहेब! आधी कळवलं असतं तर..."

रंभाजीला वाटलं, नगरात बायकांच्या सासऱ्याला असंच म्हणत असतील. तो म्हणाला, "खडकमाळच्या बाईंचा पाठ बघायचा व्हता."

"अवश्य, अवश्य! परीक्षकांच्या शेजारीच खुर्ची टाकतो."

रंभाजी खोटं एक अक्षर बोलला नाही, हे ध्यानात ठेवा. त्यानं जे होतं तेच सांगितलं. ऐकणाऱ्यानं फेटा ऐकला.

घंटा झाली. चांगुणा नकाशाची गुंडाळी काखेत धरून वर्गात शिरली. मुलं उठून सुरात म्हणाली, "नमस्ते, बाऽऽई!" शिकवल्याप्रमाणं तिनं नजर शेवटच्या रांगेपर्यंत नेली. तिथं भिंतीला लागून खुर्च्या होत्या. एका खुर्चीत किडकिडीत अंगाचे, जाड चष्म्याचे परीक्षक, मांडीवर कागद. दुसऱ्या खुर्चीत गुलाबी फेटा. फेट्याखाली मामंजी.

दोन वर्षांचं सगळं शिक्षण एका क्षणात पाण्यात गेलं बघा. हात स्वतःहून उठला, पदर डोक्यावर आला, पाय वळले. चांगुणा फळ्याकडं तोंड करून उभी राहिली. तिला कळत होतं आपण काय करतोय. मार्गदर्शक बाईंचे शब्द कानात वाजत होते. पण मान वळेना. मान तिची नव्हतीच, ती खडकमाळची होती.

तिनं नकाशा खिळ्याला अडकवला आणि नकाशालाच म्हणाली, "आज आपण आपल्या जिल्ह्याची माहिती घेणार आहोत."

"बाई, ऐकू येत नाही!" मागून आवाज.

"आपल्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस कुठं पडतो?" तिनं विचारलं. नकाशाला.

"सिनेमात, बाई!" कुणीतरी म्हणालं आणि वर्ग फुटला. दुसरी कुठली वेळ असती तर तिनं त्या मुलाला उभं केलं असतं, त्याच्याच उत्तरातून पाठ पुढं नेला असता. पण कोण बोललं ते बघायला मागं वळावं लागणार. ती वळली नाही. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी कळवळून म्हणाली, "बाई, आम्ही इकडं बसलोय." आणि त्या हशातसुद्धा चांगुणाला परीक्षकांच्या पेनचा कागदावर चालणारा आवाज ऐकू येत होता. खर्र, खर्र. हातोडीपेक्षा तो आवाज मोठा वाटला तिला.

रंभाजी आधी खूश होता. सून एवढ्या पोरांपुढं उभी आहे, हेच त्याला पुष्कळ होतं. पण थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं की वर्ग एकीकडं आणि सून एकीकडं. मग शेजारच्या साहेबांचा चेहरा बघितला. मग सुनेच्या डोक्यावरचा पदर बघितला. आणि एकदम त्याच्या काळजात लख्ख झालं, की हिच्या वाटेतला धोंडा म्हणजे आपणच.

तो उठायला गेला. दारात उभे असलेले मुख्याध्यापक धावत आले, दबक्या आवाजात म्हणाले, "बसा, बसा मेंबरसाहेब, चहा सांगितलाय."

"मला जाऊ द्या."

"पाठ आवडला नाही का? बाई नवीन आहेत, सांभाळून घ्या." असं म्हणून त्यांनी खांद्यावर हात ठेवून त्याला परत बसवलं. रंभाजी पुन्हा उठला, पुन्हा बसवला गेला. दार अडवलेलं, खुर्ची सोडता येईना, आणि समोर पोरीची दोन वर्षं वाया चाललेली.

मग त्यानं काय करावं? खुर्ची दोन्ही हातांनी धरली, फिरवली आणि भिंतीकडं तोंड करून बसला. फरशीवर खुर्चीचे पाय घासून मोठा कर्रकन आवाज झाला. सगळी मुलं मागं बघायला लागली.

"काय झालं, मेंबरसाहेब?" मुख्याध्यापक घाबरून गेले.

"काय न्हाई. ऊन येतंय डोळ्यावर," रंभाजी भिंतीला म्हणाला. ऊन दुसऱ्याच बाजूला होतं.

तो आवाज ऐकून चांगुणाला वाटलं, मामंजी पडले का काय. तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. आबासाहेबाच्या कोटाची मागची शिवण दिसली, फेट्याचा शेमला दिसला, ताठ बसलेली पाठ दिसली. तोंड दिसलं नाही. आणि तिची मान सुटली.

ती वळली. पहिला शब्द फाटका आला, दुसरा जरा बरा, आणि तिसऱ्याला सुमनच्या डोंगरावरची हाक आली. "सिनेमात पाऊस पडतो असं कोण म्हणालं? उभा राहा! सिनेमाचा पाऊस सोडून दे, खरा पाऊस आपल्या जिल्ह्यात कुठं पडतो, इथं येऊन दाखव." पोरगं लाजत आलं. तिनं त्याचं बोट धरून अकोले तालुक्याच्या डोंगरावर ठेवलं, तिथून ते पारनेरच्या पठारावर आणलं, डोंगर ओलांडताना ढग रिकामे कसे होतात ते सांगितलं. पुढं बसलेली चिमुरडी उठली, नकाशाला हात लावला आणि किंचाळली, "बाई, प्रवरा माझ्या बोटाला लागली!" निळीचा रंग नुसत्या स्पर्शानंही उतरत होता.

"मग जपून ठेव," चांगुणा म्हणाली, "यंदा तेवढंच पाणी आहे."

मुलं हसली. परीक्षक हसले नाहीत, पण त्यांचं पेन थांबलं. पाठ फिरवून ऐकत बसलेल्या रंभाजीचा फेटा मात्र हलताना दिसत होता. आपण 'हां, हां' म्हणतोय हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

घंटा झाली, मुलं सुट्टीला पळाली. इथं सगळं सुखरूप संपायला हवं होतं. पण मुख्याध्यापक शाळेचं शेरेबुक घेऊन लगबगीनं आले, पेनचं टोपण काढून रंभाजीपुढं धरलं. "मेंबरसाहेब, पाठाबद्दल दोन शब्द लिहावेत."

रंभाजी उठून उभा राहिला. पेनकडं बघितलं, बुकाकडं बघितलं. "अंगठा चालंल का?"

परीक्षकांनी चष्मा वर केला. "आपण कोण म्हणायचं?"

"मी व्हय? बाईंचा सासरा."

मुख्याध्यापकांनी शेरेबुक मिटलं ते असं, की जणू त्यात विंचू होता. परीक्षकांचा चेहरा उतरला नाही, चढला. "बाई, इकडं या. परीक्षेच्या पाठाला घरचा माणूस मेंबर म्हणून बसवलात? वशिला लावायला?"

चांगुणा पुढं आली. हाच तो क्षण, ज्याची तिला दोन वर्षं धास्ती होती. रंभाजी हात जोडून मध्ये आला. "सायेब, तिला ठावं न्हवतं वो. मीच आलो आगाऊपनं. मेंबर ह्ये मला हितंच कळलं. मला काय शिक्षा करायची ती करा, तिला नापास करू नका. घरात म्या कबूल केलंय, नापास झाली तर पुन्ना धाडनार न्हाई म्हनून."

मुख्याध्यापकही मान खाली घालून म्हणाले, "चूक माझी झाली, साहेब. त्यांनी फक्त पाठ बघायचाय म्हणून सांगितलं होतं."

परीक्षकांनी आपले कागद पुन्हा चाळले. माणूस कडक होता, पण अन्यायी नव्हता. त्यांना एकेक उलगडत गेलं, फळा, पदर, फिरवलेली खुर्ची. ते म्हणाले, "तुम्ही अर्धा पाठ फळ्याला दिलात आणि अर्धा वर्गाला. दुसरा अर्धा उत्तम होता. पण तो हे भिंतीकडं तोंड करून बसले म्हणून झाला. मी तुम्हाला पास केलं, आणि उद्या तुमची नेमणूक सासरच्या गावीच झाली, तर? गावातली निम्मी म्हातारी माणसं तुमचे सासरे लागणार. शाळेच्या दारात कुणी ना कुणी येऊन उभं राहणारच. प्रत्येकाला भिंतीकडं तोंड करायला सांगणार आहात का? याचं उत्तर द्या. त्यावर मी ठरवतो."

मुख्याध्यापक बुक छातीशी धरून उभे. दारातून सुमन डोकावत होती, तिनं तोंडावर हात ठेवलेला. रंभाजीनं तर डोळेच मिटून घेतले.

चांगुणाचा पदर डोक्यावर होता. तो तिनं काढला नाही. पण ती मामंजींकडं पाठ न करता, परीक्षकांच्या समोर, दोघांनाही दिसेल अशी उभी राहिली आणि तिनं उत्तर दिलं; ते शेवटी सांगतो. त्या उत्तरानंतर परीक्षकांनी कागदावर गुण मांडले. निकाल लागला तेव्हा तिचं नाव पास झालेल्यांत वरच्या बाजूला होतं, मुक्ताबाईनं पेढ्यांऐवजी गूळ वाटला कारण त्या साली पेढे कुठले, आणि पहिली नेमणूक झाली ती राजूरच्या वर, पावसाच्या डोंगरात. खडकमाळला ती पुढं बदलून आली. पण ते राहू द्या. रंभाजी मरेपर्यंत पारावर बसून तिचं ते उत्तर सगळ्यांना ऐकवायचा, एक शब्द इकडचा तिकडं होऊ द्यायचा नाही. म्हणून तेही शब्दाला शब्द तसंच:

"साहेब, पहिल्या दिवशी मी मामंजींना बस्करपट्टीवर पोरांच्यात बसवीन आन् हातात पाटी देईन. त्यांना अजून सही येत न्हाई. सासऱ्यापुढं सुनेनं तोंड फिरवायचं ही आमच्यात रीत हाय, साहेब, पर शिकनाऱ्यापुढं बाईनं तोंड फिरवायचं, अशी रीत कुठल्याच गावात न्हाई."